वैजूची सावली

ही गोष्ट मी कुणाला सांगायची नव्हती. छायामावशीनं मला गळ्याला हात लावून तशी शपथच घ्यायला लावली होती. पण कालपासून आमच्या परसात मांडवाचे खड्डे खणणं चाललंय, आणि पहार मातीत घुसल्याचा प्रत्येक आवाज ऐकला, की ती गोष्ट माझ्या पोटात उडी मारते. सांगणार नाही असं मी कबूल केलं होतं. लिहिणार नाही असं काही म्हटलं नव्हतं. तरीही गावाचं नाव काही लिहायची नाही.

तर, समुद्राच्या अगदी काठाला एक इवलंसं घर होतं. त्या घरात वैजू नावाची दहा वर्षांची मुलगी राहायची. सोबत तिची आई आणि वीस दिवसांची बहीण. बहिणीचं बारसं व्हायचं होतं, म्हणून तिला सगळे नुसतं बाळी म्हणत. बाबा दूर गलबतावर कामाला होते, ते पावसाच्या तोंडावर परतायचे.

आदल्या वर्षीच्या वादळात परसातला मोठा फणस पडला होता आणि घराची कौलं उडाली होती. कौलांच्या जागी बाबांनी कसेबसे पत्रे ठोकले होते. वैशाख लागला, तसे ते पत्रे तापून तडतड वाजू लागले. घर कसलं, लोहाराची भट्टीच! आई अशक्त झाली होती. आणि बाळीचे गुलाबी गाल आधी लालबुंद झाले, मग हळूहळू मातकट. तिसऱ्या दिवशी तिनं दूध नीट ओढणं सोडलं.

सुईण आनंदीमावशी सकाळीच येऊन बाळीला बघून गेली. दारात थांबून हलक्या आवाजात वैजूला म्हणाली, "पोर भाजून निघतंय गो. वारा लागेल अशा सावलीत निजवा हिला. आणखी तीन दिवस असेच गेले, तर माझ्या हातात काही नाही."

सावली! पण आणायची कुठून? नारळाखाली बाळ कोण निजवणार? वरून कधी काय पडेल, नेम नाही. शेजारच्या द्वारकाकाकूंचा आंबा होता डेरेदार, पण त्याच्या फांदीफांदीवर लाल हुमल्यांची घरटी. ते मुंगळे मोठ्या माणसालाही रडवतात.

वैजू लोटीभर पाणी घेऊन परसात आली. स्वतःला प्यायलाच आणलं होतं तिनं. पडलेल्या फणसाच्या खोडाशी रानजाईचा वेल जमिनीवर लोळत होता. चढायला झाड उरलं नव्हतं, आणि तापलेल्या वाळूवर त्याची नाजूक पानं वळून गेली होती.

"तुझीही सावली गेली ना गं?" वैजू म्हणाली, आणि लोटी तिनं वेलाच्या मुळाशी रिकामी केली.

पाणी चुर्रकन आत गेलं. एक पान थरथरलं. आणि त्या पानामागून अंगठ्याएवढी परी बाहेर आली! तिचे पंख रानजाईच्या पाकळ्यांसारखे पांढरेशुभ्र होते, पण कडांना उन्हानं करपून तपकिरी झालेले. केसांत तीन चिमुकली फुलं चांदण्यांसारखी लुकलुकत होती.

"तुझ्या वाटणीचं पाणी मला दिलंस," परी मंजुळ आवाजात म्हणाली. "माझ्या केसांत तीन फुलं आहेत, म्हणजे तुझ्या तीन इच्छा. पण नीट ऐक हं. मला नवी सावली करता येत नाही. एकीकडची उचलून दुसरीकडे ठेवता येते, एवढंच. तू परत दे म्हणालीस तर मी परत देईन, पण गळलेलं फूल परत येत नाही. आणि हे सगळं पुरं होईपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही."

वैजूला विचार करायला वेळ कुठं होता! "बाळीवर सावली आण," ती म्हणाली.

एक फूल गळलं. आणि हिरवी, गारेगार, ठिपक्याठिपक्यांची सावली कुंपणावरून सरपटत आली, परसात टाकलेल्या बाजेवर पसरली. वैजूनं बाळीला तिच्यात निजवलं. बाळीनं एक लांब श्वास घेतला.

इतक्यात कुंपणापलीकडून कुणीतरी केविलवाणं हंबरलं. वैजूनं वाकून पाहिलं. काकूंचा आंबा जागेवर होता, पण त्याच्याखाली रखरखीत ऊन. तिथं बांधलेलं आठ दिवसांचं वासरू जीभ बाहेर काढून धापा टाकत होतं, दोरी ताणून ताणून.

वैजूनं बाळीकडे पाहिलं. मग वासराकडे.

"परत दे," ती कशीबशी म्हणाली.

सावली निघाली, पण किती हळू! तेवढा वेळ वैजू कुंपण ओलांडून, ओलं गोणपाट दोन्ही हातांनी वासरावर धरून उभी राहिली.

आता तिनं डोकं चालवलं. ज्या सावलीत कुणीच नाही, अशी सावली मागायची! किनाऱ्यावर वाळूत एक जुनी होडी पालथी पडली होती. वर्षभरात तिच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं.

"त्या होडीखालची सावली आण," ती म्हणाली.

दुसरं फूल गळलं. काळीभोर, थंड सावली आली, ओल्या लाकडाच्या वासाची. बाळीचं कपाळ जरा निवलं. वैजूनं मनात शंभरपर्यंत मोजलं. कुणी हंबरलं नाही. तरी तिचा पाय घरात ठरेना. ती धावत किनाऱ्यावर गेली.

होडीच्या फटीतून पांढरी कुत्री बाहेर आली होती. एकेक पिल्लू तोंडात धरून ती वाळूवर इकडे नेत होती, तिकडे नेत होती. चार पिल्लं, अजून डोळेही न उघडलेली. ठेवावं तिथं वाळूचा चटका.

वैजू माघारी वळली. रिकामी सावली नसतेच का कुठे?

ती परत आली तेव्हा सूर्य माथ्याकडे सरकला होता. तिनं पुन्हा "परत दे" म्हटलं, तशी होडीची सावली होडीकडे निघून गेली आणि बाजेवर पुन्हा ऊन चढायला लागलं. बाळी रडतही नव्हती. तेच जास्त भयंकर होतं.

"एकच फूल राहिलं," परी हळूच म्हणाली. तिचाही आवाज सुकत चालला होता. "कुणाची आणू?"

वैजूनं आपल्या पायांशी पाहिलं. तिथं दोन वेण्यांची, किडकिडीत, छोटीशी सावली तिच्याकडे बघत होती.

"हिच्यात कुणाचंच बाळ नाही," ती म्हणाली. "माझी घे."

परीचे पंख मिटले. "वेडे! ज्याची सावली जाते, त्याला कुठंच सावली मिळत नाही. घरात बसलीस तरी ऊन तुझ्या पाठीवर असेल. शिवाय परवा दुपारी सूर्य बरोबर या गावाच्या डोक्यावर येणार आहे. त्या घटकेला उभ्या माणसाची सावली विरून जाते. तुझी तर पायांपासून सुटलेली असेल. ती विरली, की परत यायची नाही, आणि बाळी उन्हातच राहील."

"म्हणजे परवा दुपारपर्यंत वेळ आहे," वैजू म्हणाली. "तोवर मी मांडव घालते."

"मांडव म्हणजे?"

"हातांनी केलेली सावली."

परीला काही कळलं नाही. पण तिसरं फूल गळलं, आणि दोन वेण्यांची सावली वैजूच्या पायांपासून सुटून बाजेवर जाऊन वाकली. थेट एखादी ताई पाळण्यावर वाकते तशी!

त्या क्षणापासून ऊन वैजूच्या मागं हात धुऊन लागलं. पण ती थांबली नाही. नारळाची पडलेली चुडतं, म्हणजे वाळक्या झावळ्या, तिनं ओढून आणली आणि खाडीच्या पाण्यात भिजत घातली, कारण सुकं चुडत विणायला घेतलं की मोडतं. मग खांब शोधले. किनाऱ्यावर एक लोखंडी नळ पडला होता, सरळसोट. उचलायला गेली तर हाताला चटका बसला, आणि गंजाचा पापुद्रा सुटून आला. खारा वारा लोखंडाला खातो, असं बाबा नेहमी म्हणत. ओला बांबू होता, पण त्याच्यावर भुंग्यानं पाडलेली भोकं तिच्या नजरेतून सुटली नाहीत. शेवटी तिनं वादळात पडलेल्या सुपारीच्या पोफळी निवडल्या. सरळ, हलक्या, वर्षभर ऊन खाऊन टणक झालेल्या.

दुसऱ्या दिवशी चार खड्डे खणले. वाळूत खांब डुगडुगायचे, म्हणून बुडाशी चिऱ्याचे तुकडे ठोकून बसवले. मग हात दुखेपर्यंत छपरावर घालायचे झाप विणले, एका चुडताचा एक झाप. घरात आईला काय सांगावं कळेना. आई तिच्या पाठीवरचे फोड बघून रडली, तर ती म्हणाली, "आई, उद्या सांगेन. आज नको विचारूस."

तिसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाकाकू कुंपणाशी आल्या. काकूंची जीभ म्हणजे हिरव्या मिरचीचा ठेचा.

"काय गो वैजे, या काटक्यांचा मांडव? कावळा बसला तरी आडवा होईल!"

घमेलं पालथं घालून वैजू त्यावर उभी होती आणि आडवे वासे सुंभानं बांधत होती. दहा झाप विणून झाले होते. छपराला लागत होते अठरा.

सूर्य चढत गेला. बाजेवरची सावली आक्रसू लागली. आधी बाळीची पावलं उन्हात आली. मग गुडघे. मग चिमुकलं पोट. सावलीच्या वेण्या आखूड झाल्या, खांदे बारीक झाले. फणसाच्या खोडाशी परी एका वाळक्या पानाला धरून बसली होती, आणि तिचा उजेड विझत आलेल्या पणतीसारखा फडफडत होता.

चार झाप वर चढले. पाच. सहा. सहावा वाऱ्यानं उलटला आणि वैजूच्या हातून निसटला.

"अगो, असं एकटीनं..." काकू म्हणाल्या, आणि त्यांची नजर खाली गेली. वैजू भर उन्हात उभी होती, आणि तिच्या पायांशी काहीच नव्हतं.

"वैजे... तुझी सावली गो?"

"विचारू नका काकू. आधी हे टोक धरा."

काकूंनी बाजेकडे पाहिलं. बाळीच्या फक्त चेहऱ्यावर आता बशीएवढी सावली उरली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना वेण्यांची दोन बारीक टोकं. काकूंनी तोंडावर हात ठेवला. मग त्यांनी पदर खोचला.

"परवा माझ्या वासरावर गोणपाट धरून कोण उभं होतं, ते मला दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हाच हाक मारायला हवी होती तुला. थांब, गोठ्याच्या आडोशाला आठ झाप करून ठेवलेत मी."

आठ! काकू एवढ्या वेगानं धावताना गावानं कधी पाहिल्या नव्हत्या. एकेक झाप त्या खालून देत, वैजू वर बांधी. बारा. चौदा. बशीएवढी सावली वाटीएवढी झाली. सोळा. वाटीची लिंबाएवढी.

"गाठ राहू दे गो, नुसता टाक!"

"वारा उडवेल काकू, गाठ हवीच!"

सतरा. परसातल्या सगळ्या उभ्या वस्तूंच्या सावल्या पायाखाली गेल्या. खुंट्याला सावली नाही, कुंपणाला नाही, काकूंना नाही. बाळीच्या मिटलेल्या डोळ्यांवर टिकलीएवढा काळा ठिपका उरला, आणि तोही थरथरला.

वैजूनं अठरावा झाप ओढला आणि दातांनी सुंभ आवळला.

गार, सलग, दाट सावली धपकन खाली उतरली.

ती कुठून आली नव्हती. कुणाचीही घेतलेली नव्हती. आंबा आपल्या सावलीत होता, होडी आपल्या सावलीत होती, आणि ही इथं, नवीकोरी! समुद्रावरचा वारा मोकळ्या पश्चिमेकडून आत शिरला आणि बाळीच्या जावळातून फिरला.

आणि बाळीनं आधी ओठ काढले, मग मुठी आवळल्या, आणि असा काही टाहो फोडला की आई भिंत धरत धरत बाहेर आली. बाळीला भूक लागली होती! आई बाजेवर टेकली, आणि बाळी घटाघटा दूध पिऊ लागली.

"आता पश्चिमेलाही झाप बांध," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "संध्याकाळचं तिरपं ऊन आत येईल."

"बांधला तर वारा कोंडेल काकू," वैजू म्हणाली. तिनं रानजाईचा लोळणारा वेल दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि पश्चिमेच्या खांबाला टेकवला. "इथं तुला चालेल का गं?"

वेलाला तेवढाच आधार हवा होता. तो सळसळत खांबावर चढला, वाशांवरून पसरला, पानापानांतून वाऱ्याला वाट ठेवत आणि ऊन चाळून घेत. परी त्याच्या शेंड्यावर उभी होती. तिच्या पंखांच्या कडा पुन्हा शुभ्र झाल्या होत्या.

"मला वाटायचं सावली फक्त हलवता येते," ती म्हणाली. "नवी करता येते, हे मला ठाऊकच नव्हतं. आता मी इथंच राहीन हं." तिनं टाळी वाजवली. वेलावर शेकडो कळ्या एकदम उमलल्या, मांडवभर दुधासारखा पांढरा उजेड दाटला, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली. उजेड ओसरला, तेव्हा वैजूच्या पायांशी तिची सावली परत आली होती, दोन वेण्यांसकट.

बारसं त्याच मांडवात झालं. वासरू आलं होतं, पांढरी कुत्री चारही पिल्लं घेऊन आली होती. बाळीचं नाव काय ठेवायचं, यावर फार बोलावंच लागलं नाही. द्वारकाकाकूंनी तिच्या कानात हळूच म्हटलं, "छाया."

हो, तीच आमची छायामावशी. आणि तुम्हांला हे सगळं खोटं वाटत असेल, तर आत्ता आमच्या परसात या. आई चौथा खांब ठोकतेय. दुपारच्या उन्हात तिच्या सावलीकडे नीट बघा. इतरांची सावली कशी नुसती काळी असते, पण आईच्या सावलीत रानजाईच्या फुलांएवढे बारीक बारीक

"अगं ए, लिहीत काय बसलीस? ये, झापाचं टोक धर!"

आले गं आई, आले! तर ते बारीक बारीक, पांढऱ्या उजेडाचे ठि...