चिताऱ्याची पाच अंडी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. आजोबांच्या आजोबांनीही ती कुणाकडून तरी ऐकलेलीच होती, तेव्हा नेमकी कोणत्या राज्यात घडली हे मला विचारू नका. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी ‘आपल्याला काय त्याचं’ असं न म्हणता ऐकावी.

त्या राज्यातल्या राजाला सजवलेल्या अंड्यांचा भारी नाद होता. दर चैत्री पौर्णिमेला तो दरबारात स्पर्धा भरवायचा. गावाबाहेरच्या तलावावर हंस राहत. त्यांचं मोठं, पांढरंशुभ्र अंडं आणायचं, दोन्ही टोकांना सुईने भोक पाडून आतलं सगळं फुंकून काढायचं, आणि मग रिकाम्या कवचावर वर्ख, मोत्यांची जाळी, गुंजांची नक्षी, ज्याला जे सुचेल ते चढवायचं. काही अंड्यांवर इतके खडे असत की खाली अंडं आहे हे सांगावं लागे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तशातली गत. पण राजा खूश व्हायचा, आणि राजा खूश म्हटल्यावर सगळेच खूश.

हे काम करणारे लोक अंड्याला अंडं म्हणत नसत, ‘कोरं’ म्हणत. ‘यंदा कोरी किती मिळाली?’ असं एकमेकांना विचारत. आत काय होतं, हा प्रश्न त्या शब्दातून केव्हाच निघून गेला होता.

या कलेत एका चिताऱ्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला घेऊन तो एका अंड्यावर अख्खी वरात रंगवायचा, आणि वरातीतल्या घोड्याच्या गळ्यातली घंटासुद्धा दिसायची. लागोपाठ तीन वर्षं तोच पहिला आला होता, आणि मिळतील तितकी अंडी उचलून नेणारा एक सोनार दुसरा. अंडी फुंकून रिकामी करायचं काम त्याच्या बायकोचं. तिच्या हातून अंडं कधी तडकत नसे.

स्पर्धेचं सातवं वर्ष आलं. पौर्णिमेला पंधरा दिवस उरले, तेव्हा बायकोने सुई उचलून फडताळात ठेवून दिली.

‘‘अहो, यंदा मी अंडं फुंकणार नाही,’’ ती म्हणाली. ‘‘गेल्या खेपेला एका अंड्यातून पिसं निघाली होती. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही रंग कालवत होतात.’’

चिताऱ्याला तिचा राग आला. खरं सांगायचं तर, तिचं बरोबर आहे हे कळल्यामुळेच जास्त आला. पण स्पर्धेचा नियम कडक होता. ज्याने नाव दिलं आणि जो रिकाम्या हाताने आला, त्याने त्या राज्यात पुन्हा कुंचला धरायचा नाही. चिताऱ्याचं नाव तर दिलेलं होतं. सुई आपण धरू, असं म्हणून तो एकटाच तलावावर गेला.

तलाव गप्प होता. पूर्वी तिथे इतके हंस असत की त्यांच्या कलकलाटात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. चिताऱ्याने लव्हाळ्याचं बेट न् बेट धुंडाळलं. सगळी घरटी रिकामी. अखेर छातीभर पाण्यातून तो पलीकडच्या खडकाळ बेटावर गेला. तिथे दगडगोट्यांमध्ये एक हंसीण पाच अंड्यांवर बसली होती. साऱ्या तलावात तेवढं एकच घरटं उरलं होतं.

हंसीण उडाली नाही. तिने चोचही उगारली नाही.

‘‘तू एक नेणार,’’ ती म्हणाली, ‘‘आणि उद्या तो सोनार येऊन बाकीची नेणार. तू ओरबाडत नाहीस, निवडून नेतोस, हे मी पाहिलंय. मग निवड. पण यातलं कोणतं जगायला नको, ते मला सांगून ने.’’

चितारी खाली बसला. त्याने पाचही अंडी पाहिली. एकाला हात लावला, ते ऊबदार होतं. आजवर शेकडो अंडी त्याने हाताळली होती, पण ती घरी आणलेली, गार झालेली. तो बराच वेळ तसाच बसून राहिला आणि त्याला एकही निवडता आलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटून माणूस नुसता बसला तर त्याचा काही उपयोग नसतो, म्हणून तो उठला.

त्याने काठावरची काळी माती आणली, कुणा धनगराच्या विझलेल्या चुलीतली राख आणली, दगडावरचं शेवाळ खरवडून आणलं. लाख नाही, तेल नाही, कारण त्याने कवचाचा श्वास कोंडतो. मग त्याने ती पाच अंडी रंगवायला घेतली. शेजारच्या दगडावर जसा डाग तसा अंड्यावर डाग, दगडाला जशी भेग तशी अंड्यावर रेघ. एका बाजूला तर पाखराच्या विष्ठेचा पांढरा ओघळही काढला. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात बारीक काम होतं, आणि जितकं जमेल तितकं ते कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून चाललं होतं. शेवटी चार गोल गोटे त्याने अंड्यांभोवती आणून ठेवले.

‘‘सोनार आला की तुला उठून जावं लागेल,’’ तो हंसिणीला म्हणाला. ‘‘तू बसलेली दिसलीस की सगळं फुकट.’’

अंडी उघडी टाकून उठणं म्हणजे काय, हे आईलाच विचारा. पण ती कबूल झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनार तराफ्यावरून आला. चितारी लव्हाळ्यात लपून पाहत होता. हंसीण दूर पाण्यावर, जणू आपलं इथे काही नाहीच, अशी तरंगत होती. सोनाराने बेटावर दोन फेऱ्या मारल्या. मग पायात काटा रुतला म्हणून तो एका दगडावर टेकला. त्याची टाच एका अंड्यापासून चार बोटांवर होती. चिताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. सोनाराने काटा काढला, आजूबाजूला पाहिलं, ‘नुसते दगड आहेत’ म्हणून कुरकुरला, आणि निघून गेला. तेव्हा कुठे चिताऱ्याचा जीव भांड्यात पडला.

पौर्णिमेपर्यंत तो रोज सकाळी बेटावर जात होता. दवाने माती उतरे, ती तो पुन्हा लावत होता. घरी आलं की बायको काही विचारत नसे. पण तिने फडताळातली सुई काढून गोधडी शिवायला घेतली होती; ती आता अंड्यांना लागणार नाही, हे तिने ओळखलं होतं.

पौर्णिमा आली. दरबारात मागच्या सालची अंडी नवा वर्ख लावून पुन्हा मांडलेली होती, आणि सोनाराने आतून पोकळ असं सोन्याचंच अंडं घडवून आणलं होतं. चितारी रिकाम्या हाताने उभा राहिला.

राजाने कारण विचारलं. ‘‘केलीत, महाराज, पाच केलीत,’’ चितारी म्हणाला. ‘‘पण ती इथे आणण्यासारखी नाहीत. आपण पाहायला चलावं.’’

राजा हौशी होता, निघाला. त्याच्यामागे सगळा दरबार तराफ्यांवर बसून बेटाकडे निघाला. चिताऱ्याने मंडळींना बेटाच्या एका कडेला उभं केलं आणि राजाला एकट्याला पुढे नेलं. राजाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, डोळे चोळले. सोनार हसू लागला.

‘‘कुठे आहेत?’’ राजाने विचारलं.

‘‘आपल्या पायापासून हातभर, महाराज. पाऊल उचलू नका.’’

राजाने वाकून पाहिलं, तरी त्याला दगडच दिसले. एवढ्यात हंसीण पाण्यातून वर आली. भाल्यांच्या, जरीच्या अंगरख्यांच्या मधून वाट काढत ती सरळ राजाच्या पायापाशी आली, आणि त्या पाच दगडांवर पंख पसरून बसली. सोनाराचं हसू थांबलं.

‘‘सहा वर्षं आम्ही या तलावातली अंडी सजवली,’’ चितारी म्हणाला. ‘‘त्यातलं एकही उडालं नाही. आता ही एवढीच राहिलीत. यंदा मी ती सजवली नाहीत, लपवली. शिक्षा द्यायची ती द्यावी.’’

राजाने साऱ्या तलावावरून नजर फिरवली. मग त्याने हळूच विचारलं, ‘‘म्हणजे यंदा हंसांचा कलकलाट झालाच नाही?’’

‘‘नाही, महाराज. करायला हंसच नाहीत.’’

‘‘मला वाटलं माझे कान गेले,’’ राजा म्हणाला. ‘‘महिनाभर वैद्यबुवा कानात तेल घालतायत, आणि मी म्हातारा झालो म्हणून झुरतोय.’’ आणि तो इतक्या मोकळेपणाने हसला की दरबारी मंडळीही धीर करून हसली. हसता हसता राजाचे डोळे भरून आले, आणि ते त्याने लपवलं नाही.

त्याच बेटावर हुकूम निघाला. तलावातल्या अंड्याला यापुढे कुणी हात लावायचा नाही. स्पर्धा होईल, पण कातारी चरकावर लाकडाची अंडी कातून देईल आणि ती रंगवायची. चिताऱ्याचा कुंचला चिताऱ्याकडेच राहील. आणि पिल्लं पाण्यात उतरेपर्यंत त्या बेटाची राखण त्यानेच करायची, हेच त्याचं त्या वर्षीचं बक्षीस.

आठवड्याभरात अंडी फुटली. चारच फुटली. पाचवं फुटलं नाही. पाचही फुटली असं सांगायला मलाही आवडलं असतं, पण जे झालं ते सांगितलेलं बरं. चार पिल्लं हंसिणीमागून डुलत डुलत पाण्यात गेली. चितारी आणि त्याची बायको काठावर शेजारी शेजारी बसून पाहत होती. तीन वर्षं पहिला येऊनही जी स्वस्थ झोप चिताऱ्याला लागली नव्हती, ती त्याला भर दुपारी तिथेच, गवतावर लागली. बायकोने त्याला उठवलं नाही.

तात्पर्य: हातात कसब असेल तर आधी त्याने काय जपता येईल ते पाहावं, मिरवायला दिवस पुष्कळ पडले आहेत.