गोमेचे गैरहजर पाय

शिक्षणाधिकारी ठकारसाहेब तपासणीला आले की शाळेचा घसा कोरडा पडायचा. त्या दिवशी ते परुळेकरबाईंच्या वर्गात शिरले. बाईंची मुख्याध्यापकपदाची बढती त्यांच्याच सहीवर अडली होती. भिंतीवर मुलांनी केलेला तक्ता होता : ‘गोम, पाय बेचाळीस.’

साहेब खो खो हसले. “बाई, इंग्रजीत गोमेला सेंटिपीड म्हणतात. सेंटि म्हणजे लॅटिनमध्ये शंभर. नावातच आकडा आहे! एवढं माहीत नाही आणि मुख्याध्यापक व्हायचंय?”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी प्रयोगशाळेतली गोमेची बरणी आणून साहेबांपुढे ठेवली. “मोजा.”

साहेबांनी दोनदा मोजले. बेचाळीसच.

“पिल्लू असेल,” साहेब गुरगुरले. “वाढली की होतात शंभर.”

“अस्सं?” बाईंनी शेरेबुक उघडून पुढे सरकवलं. “मग लिहा, साहेब : ‘गोमेचे एकूण पाय शंभर. हजर बेचाळीस, गैरहजर अठ्ठावन्न.’ खाली तुमची सही आणि हुद्दा. आम्ही तक्त्याशेजारी लावतो.”

वर्ग फिस्सकन हसला. साहेबांनी शेरेबुक मिटलं आणि मुकाट्याने बढतीच्या कागदावर सही केली.