मेली आणि मारली

फार जुन्या काळची गोष्ट. किती जुनी ते विचारू नका. आणि सांगताना माझा आवाज चढला, तर ‘जरा हळू’ म्हणू नका. काही गोष्टी हळू सांगितल्या की खोट्या होतात.

एक मोठं राज्य होतं. त्याच्या कडेने एक रुंद नदी वाहायची. अलीकडे राजाचं शहर, पलीकडे डोंगरउतारावर लहान लहान वाड्या. वाड्यांना राजा नव्हता, फौज नव्हती. भात लावायचा, भात कापायचा आणि जत्रेला होडीत बसून शहरात यायचं, असा त्यांचा साधा संसार.

राजाला आपल्या न्यायाचा फार अभिमान. वेशीवर त्याने मोठ्या दगडात कोरून घेतलं होतं, ‘जो शस्त्र घेऊन दुसऱ्याची शीव ओलांडील, तो पापी.’ येईल त्या पाहुण्याला तो दगड दाखवायचा आणि वर नाकाने कांदे सोलायचा, की असं राज्य दुसरीकडे दाखवा!

त्या शहरात सुभाना नावाचा दवंडीवाला होता. त्याची थाप हलगीवर पडली आणि आवाज उठला, की चौकातली भांडणंसुद्धा थांबायची. सुभाना बोलला म्हणजे ते खरंच, अशी लोकांची खात्री. त्याची एकुलती एक लेक ठकू नदीपलीकडे वरच्या वाडीत दिलेली होती. जत्रेला ती यायची. तिच्या कडेवरची चिमुरडी आजाच्या हलगीवर थाप मारायची आणि स्वतःच दचकायची. मग बापलेक दोघंही पोट धरून हसायची.

एकदा काय झालं, उत्तरेच्या राजाने एका दुबळ्या राज्यावर फौज घातली. घरं जाळली, माणसं कापली. बातमी आली आणि सुभानाला हुकूम झाला. त्याने हलगी वाजवली.

“ऐका हो ऐका! उत्तरेच्या राजाने शीव ओलांडली! झोपलेली माणसं मारली! लेकरं मारली!”

शहर हळहळलं. त्या दिवशी घराघरांतून चुली पेटल्या नाहीत. राजा सदरेवर उभा राहिला आणि म्हणाला, “शीव ती शीव. माणूस तो माणूस. आम्ही गप्प बसणार नाही.” त्याने दुबळ्या राज्याच्या मदतीला फौज धाडली. नदीपलीकडच्या लोकांनीही होडीभर भात आणि घोंगड्या पाठवल्या. आपलं कोण, परकं कोण, असं त्यांनी विचारलं नाही.

चांगलं केलं ना राजाने? केलं. मी कुठे नाही म्हणतो? पण पुढे ऐका.

थोड्या काळाने पलीकडच्या डोंगरात लोखंडाचा दगड सापडला आणि राजाची नजर फिरली. आता लोखंड हवंय असं तोंडाने कसं म्हणायचं? वेशीवरचा दगड आडवा येतो ना! मग प्रधान दरबारात उभा राहिला. गंभीर चेहरा करून म्हणाला, “महाराज, पलीकडचे लोक कोयत्यांना धार लावतायत.”

“भात कापायला लावत असतील,” कुणीतरी मागून पुटपुटलं.

“आज भात कापतील. उद्या आपल्या माना कापतील. तोवर थांबायचं का?”

प्रधान ज्या भिंतीला टेकून हे बोलत होता, त्या भिंतीवर तलवारी टांगलेल्या होत्या. भिंतभर! पण कुणाची मान वर झाली नाही. त्या दिवसापासून पलीकडचा कोयता शस्त्र ठरला आणि अलीकडची तलवार दागिना ठरली.

फौज नदी उतरून गेली. वेशीवरच्या दगडाला मात्र झेंडूच्या माळा घातल्या. इतक्या घातल्या, की खालची अक्षरं दिसेनात.

प्रधानाने सुभानाला बोलावलं.

“दवंडी दे. म्हणावं, पलीकडे बंदोबस्त चालू आहे. तिकडे काही माणसं मेली.”

सुभानाने हलगी खांद्यावरून खाली घेतली. “प्रधानजी, मेली म्हणजे? आपल्या फौजेनं मारली ना?”

“मेली म्हण.”

“पण उत्तरेच्या राजाच्या वेळी तर मी ‘मारली’ म्हटलं होतं. तुम्हीच सांगितलं होतं.”

“त्याची नियत वाईट होती, सुभाना. आपली चांगली आहे. ज्याची नियत चांगली, त्याच्या हातून माणसं मरतात. मारली जात नाहीत.”

काय पण अक्कल! तलवार तीच, मान तीच, रक्त तेच. आणि म्हणे नियत वेगळी!

सुभानाला कळत नव्हतं असं नाही. पण प्रधान हलकेच म्हणाला, “तुझी लेक वरच्या वाडीत आहे ना? तिच्या केसाला धक्का लागायचा नाही. माझा शब्द आहे.” शब्द देणारा कोण आहे हे सुभानाने पाहिलं नाही. त्याने हलगी उचलली.

“ऐका हो ऐका! पलीकडे बंदोबस्त चालू आहे! तिकडे माणसं मेली!”

लोकांनी ऐकलं. “अरेरे,” म्हणाले, आणि वांगी निवडायला लागले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तिकडे माणसं मेली. मग एका बाईने भाजीवाल्याला विचारलं, “अहो, पण कशानं मरतायत इतकी?”

भाजीवाला म्हणाला, “साथ आली असणार. दुसरं काय?”

झालं! शहरभर तेच झालं. माणसं आपोआप मरतात म्हणजे रोगच असणार. लोकांनी दारांना कडुनिंबाच्या डहाळ्या बांधल्या. पलीकडचं कुणी दिसलं तर अंगणात पाय ठेवू द्यायचा नाही, असं ठरलं. नावाड्यांनी होड्या खुंट्यांना बांधून टाकल्या. राजाच्या कानावर हे गेलं तेव्हा तो खूश झाला. साथीचा जाब कुणी राजाला विचारत नाही.

आणि या शहाण्या लोकांना मी काय म्हणू? समोर धूर दिसत होता. नदीच्या पाण्यातून जळके वासे वाहत येत होते. साथीने कधी वासे जळतात का? पण डोळ्यांपेक्षा दवंडीवर विश्वास ठेवणं सोपं होतं. चूल पेटवायला मोकळीक मिळत होती.

एके दिवशी भर दुपारी पलीकडच्या काठावर माणसं गोळा झाली. मागे वाड्या पेटल्या होत्या आणि पुढे नदी. त्या गर्दीतून एक हाक आली. नदी रुंद खरी, पण ठकूने गळा बापाचाच घेतला होता.

“बा! होडी धाड! पोर आहे माझ्याजवळ!”

सुभाना चौकातून धावत घाटावर आला. नावाड्यांचा म्होरक्या गेनू तिथे बसला होता.

“गेनू, होडी सोड! माझी ठकू आहे रे!”

गेनूने मान हलवली. “तात्या, पाया पडतो, पण मला सांगू नका. तिकडे साथ आहे. माझ्या घरात लहान लेकरं आहेत.”

“साथ नाही रे बाबा!”

“नाही कशी? रोज तुम्हीच सांगता, तिकडे माणसं मेली. साथ नाही, तर मग कशानं मेली?”

सुभानाने तोंड उघडलं. घाटाच्या पायऱ्यांवर राजाचे शिपाई उभे होते. फक्त एक शब्द बोलायचा होता. ओळखीचा शब्द, उत्तरेच्या राजासाठी शंभरदा ओरडून झालेला. पण प्रधानाचा चेहरा आठवला, फटके आठवले, आपलं घर आठवलं. पलीकडून हाका येत राहिल्या. मग त्या बारीक झाल्या. मग येईनाशा झाल्या.

तेव्हा सुभाना ओरडला. हलगी न वाजवता ओरडला.

“मेली नाहीत! मारली! आपल्या राजानं मारली! आपल्या फौजेनं मारली! मी खोटं बोललो रे, मारली!”

गेनू ताडकन उठला. त्याने दोर सोडला नाही, कोयत्याने कापलाच. सुभाना होडीत पडला. शिपाई धावत खाली येईपर्यंत होडी धारेला लागली होती.

पलीकडे करंजाच्या झाडाला टेकून ठकू बसली होती. कुशीत भाल्याची जखम होती. ती तिने पदराने घट्ट आवळून बांधली होती, पण पदर भिजून गेला होता. मांडीवरची पोर तिच्या हनुवटीशी खेळत होती. ठकूचं अंग अजून गरम होतं. सुभानाने पुष्कळ हाका मारल्या. ती उठली नाही.

कोण मेली म्हणेल तिला? या, माझ्यासमोर येऊन म्हणा!

सुभाना आणि गेनू परत आले नाहीत, पोरीला घेऊन डोंगरातल्या रानात लपून राहिले. येऊन करायचं काय, फासावर चढायचं? गेनूच्या भावकीनेही त्याची लेकरं घेऊन एकेक करून होड्या पलीकडे नेल्या. राजाने सुभानाचं घर पाडलं, हलगी चौकात फाडली आणि नवा दवंडीवाला नेमला. पण आता एक पंचाईत झाली. घाटावरचं ओरडणं शहराने ऐकलं होतं. नवा दवंडीवाला चौकात येऊन “तिकडे माणसं...” म्हणाला, की कुणीतरी मागून विचारायचं, “मेली का मारली?” बिचारा हलगी काखेत मारून पळ काढायचा. तरी बंदोबस्त काही थांबला नाही. लोक विचारायचे तेवढे, आणि मग घरी जायचे.

मग उत्तरेच्या राजाला संधी दिसली. त्यानेही दवंडी दिली. म्हणाला, “दक्षिणेकडे तलवारींना धार लावतायत. आज भिंतीवर टांगतील, उद्या आमच्या माना कापतील. तोवर थांबायचं का? आम्ही बंदोबस्ताला निघालो आहोत.”

आमच्या राजाचं पित्त खवळलं. “हा अधर्म आहे! शीव ओलांडणारा पापी असतो!” त्याने पलीकडची फौज घाईघाईने माघारी बोलावली आणि शेजारच्या सगळ्या राज्यांकडे जासूद धाडले, की धावा, आमची माणसं मारली जातायत.

शेजाऱ्यांनी जासुदांना गूळपाणी दिलं, चौकशी केली आणि निरोप दिला, “तुमच्याकडे माणसं मेली असं ऐकलं. फार वाईट वाटलं.”

उत्तरेची फौज शहरात शिरली. बाजारपेठ पेटली. वांगी निवडणारे, कडुनिंबाच्या डहाळ्या बांधणारे, सगळे जीव मुठीत घेऊन घाटाकडे पळाले. घाटावर एकही होडी नव्हती. लोक पलीकडे तोंड करून ओरडू लागले.

पलीकडच्या काठावर जळक्या वाड्यांतली माणसं उभी होती. त्यांत एक बाई होती. तिचे दोन मुलगे राजाच्या बंदोबस्तात मारले गेले होते. ती म्हणाली, “असू दे. म्हणा, तिकडे माणसं मेली. आणि चला, पेरणी राहिलीय.”

कुणी तिला बोल लावला नाही. लावणार तरी कोण?

सुभाना नातीला कडेवर घेऊन उभा होता. तो पाण्यापर्यंत गेला. या वेळी त्याने घसा साफ करण्यातसुद्धा वेळ घालवला नाही.

“मेली नाहीत! मारतायत! त्या राजानं मारली, या राजानं मारली, शब्द एकच! होड्या सोडा!”

बाईने त्याच्याकडे पाहिलं. ती पचकन थुंकली. मग पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी तीच होडीत चढली.

होड्या भरभरून माणसं आणू लागल्या. शेवटच्या खेपेला गेनूच्या होडीत एकाचीच जागा उरली होती. घाटावर एक माणूस घोंगडीत तोंड लपवून आला. घोंगडीखाली रेशमी काठ दिसत होता. गेनूने राजाला ओळखलं.

“मला घे,” राजा म्हणाला. “लवकर!”

“घेतो की. एवढंच सांगा, तुमच्या शहरातली माणसं मेली का मारली?”

“मारली रे! डोळ्यांदेखत मारली! राक्षस आहेत ते!”

“आणि आमच्या वाड्यांतली?”

राजाने तोंड उघडलं. मागे वेस पेटली होती. दगडावरच्या माळा जळून गेल्या होत्या आणि खालची अक्षरं लांबूनही वाचता येत होती. होडीतली ती बाई राजाच्या तोंडाकडे बघत होती. त्याला एकच शब्द बोलायचा होता. मघाशी तर त्याने तो दोनदा उच्चारला होता.

“ते... तिथली गोष्ट वेगळी होती,” राजा म्हणाला. “आमची नियत...”

गेनूने वल्हं घाटाला टेकवलं आणि होडी ढकलली. होडी मध्यावर गेली तरी राजा पायरीवर उभाच होता, आणि त्याचे ओठ हलत होते. घोड्यांच्या टापा पायऱ्यांवर येईपर्यंत त्याला तो शब्द सापडला नाही.

आता बोध ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्ही आधी ऐका: आपल्या माणसांना ‘मारली’ आणि दुसऱ्यांच्या माणसांना ‘मेली’ म्हणणाऱ्याच्या युद्धाला न्याय म्हणायचं नसतं, मग वेशीवरच्या दगडात त्याने काहीही कोरलेलं असो.