मिठाच्या तांड्यातली नोकरी

बैलांच्या नाकात अजून वेसण आली नव्हती आणि जनावरं आपले धंदे आपणच चालवत, त्या काळची ही गोष्ट. घाटातून मिठाची ओझी वाहणाऱ्या बैलांच्या तांड्यात भरती निघाली. तांड्याचा मुकादम होता एक घोडा. त्याने हरण्या नावाच्या तरण्या बैलाला सांगितलं, "रोज दुप्पट पेंड मिळेल. वर झूल आमची. सांजेपर्यंत काय ते कळव."

हरण्याच्या माळावरचं गवत संपत आलं होतं, म्हणून त्याला हो म्हणायचंच होतं. तरी आधी तो तांड्याचा तळ बघायला गेला. गव्हाणी खरंच भरलेल्या होत्या, झुलीही नव्या होत्या. बैल भराभर खात होते आणि खाल्लं की लगेच ओझ्याखाली उभे राहत होते. इथे काहीतरी चुकतंय असं हरण्याला वाटत राहिलं, पण काय ते उमगेना.

"कसं काय आहे इथं?" त्याने एका थोराड बैलाला विचारलं.

"खायला भरपूर आहे," तो म्हणाला. त्याचं पोट टम्म फुगलेलं होतं आणि बरगड्या मात्र वर आल्या होत्या.

हरण्याने पुन्हा सगळीकडे पाहिलं. एवढ्या बैलांत एकही खाली बसलेला नव्हता. खाणं आटोपल्यावर कुणाचाही जबडा हलत नव्हता.

तो धावतच घोड्याकडे गेला. "मुकादम, पेंड किती ते कळलं. पण रवंथ करायला वेळ कधी मिळतो?"

घोडा काही कपटी नव्हता. त्याने खरोखर विचार करून पाहिला.

"रवंथ," तो म्हणाला, "म्हणजे काय?"