पाखरांनी नेलेला माल

चांगुणाबाईनं तुरीत मुद्दाम ज्वारी पेरली होती. साळुंक्या कणसांवर बसायच्या आणि तुरीवरच्या, शेंगा पोखरणाऱ्या अळ्या टिपायच्या. त्या शेजारच्या तुरीतही उतरू लागल्या, तेव्हा त्या शेताचे मालक बापूसाहेब देशमुख यांनी तिला चावडीवर बोलावलं.

"पाखरं तुझ्या ज्वारीवर बसतात, म्हणजे तुझीच. माझ्या शेतातलं खातात ते परत कर, नाहीतर ज्वारी काप!"

 चांगुणाबाई शांतपणे म्हणाली, "जे खातात तेच परत हवं ना, मालक?"

"तेच! आजच्या आज!"

ती तडक देशमुखांच्या शेतात गेली. तुरीखाली पोतं अंथरून तिनं दहा झाडं हलवली आणि टपटप पडलेल्या अळ्या सुपात भरून चावडीवर आणल्या.

"हा पाखरांचा आजचा घास. त्यांच्या चोचीत जायच्या आधीच परत आणलाय. सांगा मालक, तुमच्या कुठल्या झाडावर सोडू?"

सगळी चावडी खो खो हसली. देशमुखांनी सुपातली वळवळ पाहिली आणि पागोटं सारखं केलं.

"राहू दे तुझी ज्वारी," ते पुटपुटले.

त्या दिवशी चांगुणाबाईच्या कोंबड्यांची चंगळ झाली. त्याही तिच्याच होत्या, पण त्यांनी काय खाल्लं ते देशमुखांनी विचारलं नाही.