ठकूआईचं बघणं

पाथरवेलला शाळा आली तेव्हाची ही गोष्ट. त्याला किती वर्षं झाली ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही. जुनी माणसं बोटं मोजायला लागतात आणि मध्येच सोडून देतात. एवढं मात्र सगळे सांगतात, की आधी शाळा आली आणि तिच्या मागून सुट्टी आली. त्याआधी गावातल्या पोरांना सुट्टी म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. चैत्र सरता सरता गुरुजी शाळेला कुलूप लावून आपल्या गावी गेले, मिरगाला येतो म्हणाले, आणि पाट्या खुंटीला टांगून वीस-पंचवीस पोरं एकदम रिकामी झाली.

त्या पहिल्याच सुट्टीत केरबा गेला. नऊ वर्षांचा मुलगा. भर दुपारी एकटाच घरातून निघाला. कशासाठी निघाला ते कुणाला माहीत नव्हतं, म्हणून शोधायचं कुठं तेही कळेना. माणसं चारी दिशांना धावली. सापडला तेव्हा ऊन लागून त्याचा जीव गेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात गावानं एकच केलं. न्याहारी झाली की पोरं घरात, आणि दाराला बाहेरून कडी. दिवेलागणीलाच ती कडी निघायची.

गावात ठकू नावाची एक सुईण होती. सगळे तिला ठकूआई म्हणायचे. गावातलं प्रत्येक पोर तिच्याच हातावर जन्मलेलं, केरबासुद्धा. ती मुळात फार चौकस बाई. बाळंतिणीच्या उशाशी रात्र काढायची वेळ आली, तर ती त्या घरातल्या म्हातारीला विचारत बसे, की तुमच्या माहेरी दही कशानं लावतात, आणि विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं. म्हातारपणी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्या काळी त्या भागात त्यावर इलाज नव्हता. जग आधी धुरकट झालं, मग पांढरं, मग दिसेनासंच झालं. चूल ती अंदाजानं पेटवायची, पाणीही आणायची. पण बाहेर रोज काहीतरी नवं घडत असणार आणि ते आपल्याला कळत नाही, ह्यानं तिचा जीव कासावीस व्हायचा.

एका दुपारी ती काठी टेकत गल्लीतून चालली होती. पहिल्या घरातून तिला भिंतीवर खडा आपटल्याचा आवाज आला. दुसऱ्या घरातूनही तसाच. पुढं पुढं तर घराघरांतून खडे वाजत होते. कडीमागं बसलेली पोरं भिंतीतून एकमेकांना हाका घालत होती. ठकूआई तशीच माघारी फिरली आणि पारावर बसलेल्या जाणत्यांपुढं जाऊन उभी राहिली.

"पोरं मला द्या," ती म्हणाली. "मला डोळे नाहीत आणि त्यांना काम नाही."

आंधळी बाई एवढ्या पोरांवर लक्ष कसं ठेवणार, असं त्यांतल्या एकानं विचारलं. ती म्हणाली, की ह्यांतल्या एकेकाचं रडणं मी पहिल्या श्वासापासून ओळखते, तुम्ही आपल्या पोराचं तरी ओळखता का ते सांगा. ठरलं असं, की पोरांनी सकाळी जोडीजोडीनं जायचं, आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत तिच्या ओट्यावर, चिंचेच्या सावलीत परत यायचं. येताना एक गोष्ट बघून यायची. ठकूआईला आधीच ठाऊक नसलेली गोष्ट आणली, तर मूठभर भाजलेले चिंचोके. ठाऊक असलेली आणली, तर नुसतं पाणी.

पहिले आठ दिवस पोरांना पाणीच मिळालं. साठ वर्षं उघड्या डोळ्यांनी जगलेल्या बाईला ठाऊक नसलेलं काय आणायचं? मग सखाहरी नावाच्या मुलानं पांढरा कावळा बघितल्याचं ठोकून दिलं. ठकूआईनं शांतपणे विचारलं, तो कुठल्या फांदीवर बसला होता, बाकीच्या कावळ्यांनी त्याला जवळ बसू दिलं का, उडाला तेव्हा पंखांखालून कसा दिसला. सखाहरी तिसऱ्या प्रश्नालाच रडकुंडीला आला. ती रागावली नाही. काळाच कावळा नीट बघून ये म्हणाली. तीन दिवसांनी तो धावत आला, की कावळा सगळा काळा नसतो, त्याची मान राखाडी असते. हे तिला ठाऊक होतं. पण वाळलेला भाकरीचा तुकडा कावळा आधी पाण्यात बुडवून मऊ करतो आणि मग खातो, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं सखाहरीला दोन मुठी चिंचोके दिले आणि दिवसभर ती ते ज्याला त्याला सांगत सुटली.

त्यानंतर पोरांना बघण्याचा नादच लागला. दोन मुलींनी ओट्यापुढं एक काठी उभी केली आणि भर माध्यान्ही तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवायला सुरुवात केली. खडे रोज काठीजवळ सरकत गेले, आणि वैशाखातल्या एका दुपारी काठीला सावलीच राहिली नाही. गावात इतक्या पिढ्या नांदल्या, पण वर्षात अशी एक दुपार येते हे कुणी बघितलं नव्हतं. सगळं गाव ती काठी बघायला लोटलं. ठकूआई मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, की आज दोन्ही खांद्यांवर ऊन सारखंच लागतंय.

असे दोन उन्हाळे गेले. पोरांनी सांगितलेलं सगळं ती मनात साठवत गेली. कुठल्या वाटेवर माती तांबडी होते, कुठं बोरीची फांदी मोडून खाली टेकली आहे, कुठं दगड पायाखाली वाजतात. असं म्हणतात, की डोळ्यांनी बघितलं होतं त्याहून मोठं पाथरवेल तिला पोरांच्या तोंडून दिसलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात हौसा नावाच्या आठ वर्षांच्या मुलीनं तिला एक प्रश्न घातला. ओढा आटला, डोह आटला, मग मधमाश्या पाणी कुठं पितात? ठकूआईला उत्तर येईना. बघून ये, म्हणाली. दुसऱ्या दिवशी हौसाच्या जोडीदारणीला ताप भरला आणि हौसा कुणाला न सांगता एकटीच गेली. माध्यान्हीला ठकूआई नेहमीसारखी ओट्यावर येणाऱ्या एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत होती. तापानं घरी राहिलेली पोर सोडली तरी एक डोकं कमी भरलं.

गावात आकांत झाला. पोर तहानेनं लांबच्या नदीकडंच जाणार, असं म्हणून गडीमाणसं नदीकडं पळाली. हौसाची आई पारूबाई ओट्याशी आली. ती ओरडली नाही.

"तुझ्याच हातावर जन्मली ती, ठकूआई," ती म्हणाली. "तुझ्याच हातानं आणून दे."

आपणच त्या पोरीला बघून ये म्हणालो, हे ठकूआईच्या मनातून जाईना. केरबा गेला तेव्हा सगळ्यांनी तो कुठं गेला एवढंच विचारलं होतं, कशासाठी गेला ते नाही, तेही तिला आठवलं. तिनं पोरांना जवळ घेतलं आणि हौसाचं नावही न काढता विचारलं, "पोळ्यावर माघारी येणाऱ्या माश्या कुणी कुणी बघितल्यात? त्या कुठल्या अंगानं येतात?"

एक मुलगी म्हणाली, वडावरच्या पोळ्याकडं माश्या भैरोबाच्या देवळाच्या शिखरावरून येतात. सखाहरी म्हणाला, बुरुजावरच्या पोळ्याकडं एकट्या पळसाच्या अंगानं येतात, आणि पाणी पिऊन आलेली माशी वाकडी जात नाही, थेट येते. ठकूआईनं धुळीत वडाचा एक खडा आणि बुरुजाचा एक खडा मांडायला लावला. त्यांच्यापासून पोरांनी दोन काड्या आपापल्या दिशेला लावल्या. तिनं बोटांनी चाचपलं. काड्या एका जागी एकमेकींना छेदत होत्या.

"इथं काय आहे?"

काही नाही, काळा कातळ, असं बायांनी सांगितलं. तिथं गवत नाही, म्हणून गुरं जात नाहीत, म्हणून वाटही नाही. पोरं तेवढी जातात.

ठकूआई उठली आणि चालू लागली. असं म्हणतात, की ती नेमकी बिनसावलीची दुपार होती. पुढं आंधळी बाई आणि मागं डोळस गाव. पायाला भुसभुशीत तांबडी माती लागली तशी ती डावीकडं वळली. मोडक्या बोरीला हातानं बाजूला करून पुढं गेली. असं म्हणतात, की काठी तिनं ओट्यावरच टाकली होती आणि त्या काटेरी माळावर तिच्या अनवाणी पायाला एकही काटा लागला नाही. दगड पायाखाली वाजू लागले तेव्हा तिनं हात वर केला. सगळे थांबले, आणि त्यांना बारीक गुणगुण ऐकू आली.

कातळात एक अरुंद, तिरकी भेग होती. हौसा त्या भेगेत पडली होती, तिचा पाय दोन दगडांमध्ये अडकला होता, ओठ फुटले होते. पण भेगेत सावली होती आणि दगडातून थेंब थेंब ओल झिरपत होती. ती ओल चाटून पोरीनं जीव धरला होता. बायांनी दगड हलवला, पारूबाईनं तिला वर ओढून छातीशी धरलं. आईच्या खांद्यावरून हौसा ठकूआईकडं बघत होती.

"सापडलं पाणी," ती म्हणाली. "माश्या ओल्या शेवाळावर बसून पितात. पाण्यात पाय घालत नाहीत."

ठकूआई तिथंच कातळावर बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तरी तिनं विचारलं, "आणि प्यायला वेळ किती लावतात?"

ठकूआई पुढं कशी गेली ह्याबद्दल वेगवेगळं सांगतात. कुणी म्हणतं ओट्यावर पोरांचं ऐकता ऐकताच गेली. कुणी म्हणतं, ती सकाळी कातळाकडं गेली आणि परत आलीच नाही.

कातळातल्या त्या झऱ्यात अर्ध्या दिवसात जेमतेम तांब्याभर पाणी साठतं. ते पाथरवेलमधलं कुणी भरत नाही. ते माश्यांचं. शाळेला सुट्टी लागली, की पहिल्या दिवशी गावातलं एक मोठं माणूस चिंचेखालच्या ओट्यावर डोळे मिटून बसतं. एखाद्या साली सरपंच, एखाद्या साली एसटीचा ड्रायव्हर, गेल्या साली तर गावात नव्यानंच आलेली नर्स. पोरं रांगेनं येऊन काय काय बघितलं ते सांगतात, आणि सगळ्यांचं ऐकून होईपर्यंत त्या माणसानं डोळे उघडायचे नसतात.

आणि उन्हाळ्यात पाथरवेलमध्ये घराबाहेर पडणाऱ्या पोराला कुठं चाललास असं कुणी विचारत नाही. काय बघायला चाललास, असं विचारतात. पोर म्हणालं, काही नाही, असाच, तर त्याला उंबऱ्यावर बसवतात, आणि त्याचं काहीतरी ठरेपर्यंत आईसुद्धा हातातलं काम टाकून त्याच्याशेजारी बसते.