सात झाडं आणि पाच खुणा

एका जंगलात खारींची वस्ती होती, आणि तिथे कोणाचंही पिल्लू उपाशी राहत नसे. कारण मुलांनो, एका म्हाताऱ्या खारीने छान युक्ती काढली होती. चारोळ्या पुरायच्या आणि खोडापासून त्या जितक्या उड्यांवर असतील, तितक्या दातांच्या खुणा खोडावर करायच्या. ज्याला भूक लागेल त्याने वाचावं, खावं. हवी तर रीत सुधारावीही. युक्ती सगळ्यांची होती.

म्हातारी गेली आणि तिच्या दोन शिष्यिणींचं बिनसलं. एक म्हणाली, "उड्या लहानमोठ्या पडतात. पावलांनी मोजू." दुसरी म्हणाली, "उड्याच बऱ्या." पहिली आपल्या खारी घेऊन ओढ्यापलीकडे गेली आणि त्यांची पुढारीण झाली. तिथे पावलांची मोजणी सुरू झाली. खुणा मात्र हुबेहूब तशाच. मोजणी बदलली म्हटलं, तर अलीकडच्या खारी आपल्याकडे कशाला येतील? म्हणून ही बाई सगळ्यांना सांगत सुटली, "आमच्याकडे काही बदललेलं नाही!"

उन्हाळ्यात अलीकडच्या रानाला वणवा लागला. एक खार दोन पिल्लं घेऊन कशीबशी ओढा ओलांडून आली. तिने आधी पुढारणीला विचारलं, "मोजायची रीत तीच ना, ताई?"

"तीच. खुशाल खा."

खोडावर पाच खुणा होत्या. खारीने पाच उड्या मोजल्या आणि खणलं. काही नाही. दुसरं झाड, तिसरं झाड, अशी पाच-पाच खुणांची सात झाडं झाली. नखं तुटली. ती परत येऊन म्हणाली, "कोठार रिकामं आहे, हे आधी तरी सांगायचं."

पुढारीण फणकारली, "हिला धड खणता येत नाही आणि नावं आम्हाला ठेवते!" ती जागची हलली नाही. बाकीच्याही हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दोन्ही पिल्लं भुकेने गेली.

पुढे पाऊस पडला. सातही झाडांच्या बुंध्यापासून पाच-पाच पावलांवर चारोळीची रोपं उगवली. खार एका रोपापाशी बसून राहिली.

पुढारीण हळूच म्हणाली, "अगं, विचारायचं तरी."

"विचारलं होतं," खार म्हणाली.

तात्पर्य : वेगळी वाट धरण्यात पाप नाही; पण वाट बदलूनही 'काही बदललं नाही' असं जो सांगतो, त्याच्या भरवशावर आलेल्यांचा जीव जातो, आणि मागाहून उगवलेलं सत्य कोणाच्याच कामी येत नाही.